लॅपटॉप सुरू झाला नाही तरी सोसायटीचं दप्तर वाचेल

वाचकाचं पत्र: ताई, विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका गृहनिर्माण संस्थेचा मी मानद सचिव आहे. संस्थेचा लॅपटॉप २०१३ साली घेतलेला, विंडोज ७ वर चालणारा. हिशेब टॅलीमध्ये आणि सभांची इतिवृत्तं, नोटिसा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये. मे महिन्यापर्यंत व्यवस्थित चालत होता. पावसाळ्यात तो ऑफिसच्या कपाटात पडून राहिला. ऑफिस पंपरूमला लागून असल्याने तिथे ओल असते. ऑगस्टमध्ये बाहेर काढला तर बटण दाबल्यावर दिवा लागतो, पंखा चार-पाच सेकंद फिरतो, सगळं बंद पडतं, पुन्हा आपोआप पंखा फिरतो, पुन्हा बंद. स्क्रीन काळीच. स्टेशनजवळच्या दुकानदाराने पाहून सांगितलं, ‘मदरबोर्ड गेला, सात हजार होतील आणि फॉरमॅट मारावा लागेल.’ एक सभासद म्हणतात, दोन दिवस तांदळात ठेवा. चेअरमन म्हणतात, भंगारात द्या. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे, त्यात पुनर्विकासाची बोलणी सुरू. मी ६४ वर्षांचा, कॉम्प्युटरचं जुजबी ज्ञान. काय करू?

उत्तर:

काका, लॅपटॉप अजून दुकानात असेल तर आजच परत आणा. दुरुस्ती करू नका असं माझं म्हणणं नाही. पण ज्या यंत्रात संस्थेचं इतक्या वर्षांचं दप्तर आहे, ते ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणणाऱ्याच्या टेबलावर एक रात्रही राहू देऊ नये. मदरबोर्ड वेगळा आणि हार्ड डिस्क वेगळी. बोर्ड बिघडला म्हणून डिस्क पुसायची काहीही गरज नसते. दुकानदाराला नवं विंडोज टाकून मोकळं व्हायचं असतं, ते त्याच्या सोयीचं असतं. तुमच्या टॅलीचं काय झालं, हे तो विचारणार नाही.

तुमच्यासमोर दोन कामं आहेत आणि ती एकमेकांत गुंतवू नका. लॅपटॉप सुरू करणं हे एक. त्यातलं दप्तर बाहेर काढणं हे दुसरं. पहिलं जमलं नाही तरी दुसरं बहुतेक जमेल, आणि संस्थेला खरी गरज दुसऱ्याचीच आहे.

असं मी का म्हणते? तुम्ही लक्षणं फार नीट लिहिली आहेत. बटण दाबल्यावर लॅपटॉप लगेच विंडोजकडे जात नाही. आधी वीज बोर्डावर पोचते, मग बायोस नावाचा बोर्डावरचाच एक छोटा प्रोग्राम प्रोसेसर आहे का, रॅम (चालू कामापुरती स्मरणशक्ती सांभाळणारी पट्टी) आहे का, स्क्रीन आहे का, हे तपासतो. ही तपासणी पार पडली की कंपनीचं चिन्ह दिसतं, आणि त्यानंतर कुठे हार्ड डिस्कची पाळी येते. तुमचा लॅपटॉप कंपनीच्या चिन्हापर्यंतसुद्धा पोचत नाही. म्हणजे डिस्कवरचं विंडोज वाचण्याची वेळच आलेली नाही. पंखा फिरून थांबतो आणि आपोआप पुन्हा फिरतो, तेव्हा पहिला संशय रॅमवर घ्यायचा. दुसरा ॲडाप्टरवर. मदरबोर्ड खरोखर गेलेला असू शकतो, पण रॅम एकदा काढून-घालून पाहिल्याशिवाय तसं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

तांदूळ नको. तुमच्या लॅपटॉपवर पाणी सांडलेलं नाही. पावसाळाभर दमट कपाटात राहिल्याने धातूच्या टोकांवर गंज-काजळीचा बारीक थर धरलाय, अशी दाट शक्यता आहे, आणि तो तांदळाने निघत नाही. उलट पीठ आणि कोंडा आत जाईल. उन्हातही ठेवू नका, बॅटरी तापते. हेअर ड्रायर तर हातातही घेऊ नका. बॅटरी काढून, लॅपटॉप घरात कोरड्या जागी पंख्याखाली एक दिवस उघडा ठेवा, पुरे.

बॅटरी काढताना एकदा तिच्याकडे नीट बघा. २०१३च्या बहुतेक लॅपटॉपना खालच्या बाजूला सरकवायची खिटी असते, ती सरकवली की बॅटरी हातात येते. ती फुगलेली असेल, खालचं झाकण उचललं गेलं असेल, तर ती परत लावायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर अजिबातच नाही. बाजूला ठेवा. पुढचं सगळं काम नुसत्या ॲडाप्टरवर करता येतं.

आता ॲडाप्टर. दिवा लागतो म्हणून तो चांगला आहे असं धरू नका. थकलेला ॲडाप्टर दिवा लावण्यापुरती वीज देतो आणि पंखा, प्रोसेसर यांचा भार आला की माघार घेतो. त्यावर छापलेलं ‘आउटपुट’ वाचा: १९ किंवा १९.५ व्होल्ट आणि पुढे अँपियर (दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट). सोसायटीत कुणाकडे त्याच कंपनीचा, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा ॲडाप्टर असेल तर तो लावून बघा. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. वॉट जास्त असले तरी बिघडत नाही, कारण लॅपटॉप लागेल तेवढीच वीज घेतो. पिन घुसते म्हणून भलत्या कंपनीचा लावू नका. इमारतीच्या वायरमनकडे मीटर असेल तर तो २०० व्होल्ट डीसीवर ठेवून पाहता येईल, पण मीटर बिनभाराचे व्होल्ट दाखवतो, म्हणून दुसरा ॲडाप्टर लावून पाहणं जास्त खात्रीचं. पिन खोचल्यावर ती हलते का, हलवल्यावर दिवा जातो-येतो का, हेही पाहा. तसं असेल तर चार्जिंगचा जॅक सैल झालाय, आणि ते काम मदरबोर्ड बदलण्याच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे.

यानंतर ॲडाप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून सुरू करायचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत उरलेला विजेचा अंश त्याने निघून जातो. मग नुसता ॲडाप्टर लावून बटण दाबा. काही लॅपटॉप एवढ्यानेच जागे होतात. तुमचा झाला तर आनंदच आहे, पण ओलीचा इतिहास पाहता मला रॅमचाच संशय जास्त आहे. रॅम तपासण्याचं काम घाईत करू नका. जेवणाचं टेबल, भरपूर उजेड आणि मदतीला इमारतीतला एखादा कॉलेजातला मुलगा, एवढी तयारी करा.

लॅपटॉप उलटा करा. ॲडाप्टर काढलेला, बॅटरी काढलेली. खाली एक किंवा दोन चौकोनी झाकणं दिसतील, त्यांना एक-दोन फुली स्क्रू असतात. स्क्रू वाटीत ठेवा आणि उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून घ्या. दोन्ही झाकणं उघडली की एकाखाली रॅम दिसेल, दुसऱ्याखाली बहुतेक हार्ड डिस्क. रॅम म्हणजे बोटाएवढी लांब हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोन. एक असेल किंवा दोन. हात लावण्याआधी खिडकीच्या गजाला किंवा लोखंडी कपाटाला एकदा स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. मुंबईच्या दमट हवेत ती फारशी साचत नाही, तरी सवय चांगली. पट्टीच्या दोन्ही कडांना धातूचे चिमटे असतात. ते अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला हलकेच ढकला. पट्टी आपोआप तिरकी वर येते. कडेला धरून तशीच तिरकी ओढून काढा.

आता तिची सोनेरी टोकं उजेडात धरा. चांगली टोकं सारख्या रंगाची चमकतात. ओल लागलेली निस्तेज, मध्येच तपकिरी ठिपके असलेली दिसतात. शाळेचं पांढरं खोडरबर घ्या, नवं असेल तर उत्तम, आणि पट्टी एका कोरड्या कापडावर ठेवून टोकांवरून आतून बाहेरच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. दोन्ही बाजू. कापडावर काळपट कण पडतील. तोच थर. खोडरबराचा चुरा पट्टीवरून पूर्ण झटकून टाका, तो खाचेत जाता कामा नये. खाचेत तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. कोरडा मऊ ब्रश फिरवा. खाचेत झुरळाची विष्ठा किंवा अंडी दिसली तर नवल वाटू देऊ नका. बंद कपाटात ती होतात आणि त्याने टोकं जोडली जाऊन बोर्ड अडतो. तीही ब्रशने साफ करा.

पट्टी परत बसवताना तिच्या कडेची खाच आणि सॉकेटमधला उंचवटा जुळवा. उलटी बसतच नाही, तेव्हा जोर लावायचा प्रसंग आला तर दिशा चुकली आहे असं समजा. तिरकी आत सरकवा, सोनेरी टोकं जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजेत, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंचे चिमटे ‘टक्’ करून बसले पाहिजेत. एकच बाजू बसली आणि दुसरी अर्धवट राहिली, तर पुन्हा तोच बिघाड दिसतो.

दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावा. पहिली पट्टी पहिल्या सॉकेटमध्ये, मग दुसऱ्यात. नंतर दुसरी पट्टी, तसंच. प्रत्येक वेळी ॲडाप्टर काढून, पट्टी बसवून, मग ॲडाप्टर लावून बटण. रॅम हलवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही लॅपटॉपना वेळ लागतो, म्हणून मिनिटभर तरी थांबा, लगेच बंद करू नका. पंखा न थांबता फिरत राहिला, की तुम्ही जिंकत आलात. एका पट्टीने चालतो आणि दुसरीने नाही, म्हणजे दुसरी पट्टी मेली. त्या काळची डीडीआर३ पट्टी जुन्या बाजारात मिळते, आणि तुमचं काम तर एका पट्टीवरही भागेल.

याच वेळी कॅप्स लॉकच्या दिव्यावर आणि बीपच्या आवाजावर लक्ष ठेवा. दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकतो, तेव्हा तो बिघाड सांगत असतो. किती वेळा, ते मोजून लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीची ही खूण वेगळी असते, पण कंपनीच्या माहितीपुस्तकात तिचा अर्थ छापलेला असतो, आणि दुरुस्तीवाल्यालाही हा आकडा तुमच्या कुठल्याही वर्णनापेक्षा उपयोगी पडतो.

समजा, चिन्ह दिसलं. मग बहुधा एक इंग्रजी सूचना येईल की तारीख-वेळ लावलेली नाही, पुढे जायला एफ१ दाबा. घाबरू नका. बोर्डावर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. लॅपटॉप बंद असताना घड्याळ आणि बायोसच्या नोंदी तोच सांभाळतो. मुख्य बॅटरी महिनोन्महिने रिकामी पडली की सगळा भार त्याच्यावर येतो आणि दहा-बारा वर्षांचा सेल संपतो. तारीख हाताने दुरुस्त करा, नाहीतर पुढे टॅलीत नोंदी भलत्याच दिवशी पडतील आणि बऱ्याच वेबसाइट उघडायला नकार देतील.

पण या सेलमुळे आणखी एक गोष्ट होते, आणि तिथे पुष्कळ चांगले लॅपटॉप विनाकारण फॉरमॅट होतात. सेल मेला की बायोस कारखान्याच्या मूळ नोंदींवर परत जातो. त्यात डिस्क कुठल्या पद्धतीने वाचायची, ही नोंदही बदलू शकते. विंडोज ७ ज्या पद्धतीवर बसवलं होतं ती नसली, की विंडोजचं चिन्ह आल्यावर निळी स्क्रीन चमकते आणि लॅपटॉप पुन्हा सुरू होतो. निळ्या स्क्रीनवर ७बी ने संपणारा कोड असतो. हे पाहून दुकानदार ‘विंडोज करप्ट’ म्हणतो. प्रत्यक्षात विंडोज शाबूत असतं. सुरू होताना एफ२ किंवा एफ१० दाबून (कंपनीप्रमाणे बदलतं) बायोसमध्ये जा, साटा मोड किंवा साटा ऑपरेशन अशी ओळ शोधा, आधी आहे त्याचा फोटो काढा, आणि तिथे आयडीई असेल तर एएचसीआय करा, एएचसीआय असेल तर दुसरा पर्याय. जतन करून बाहेर या. याशिवाय बायोसमध्ये दुसरं काही बदलू नका.

विंडोज सुरू झालं तर त्या दिवशी दुसरं कुठलंही काम नको. नोटीस टाइप करायची नाही, अपडेट नाही, इंटरनेट नाही. फक्त प्रत काढायची. पंखा आणि रॅम किती तास साथ देतील याची खात्री नसताना प्रत्येक मिनिट दप्तरासाठी.

आणि काहीच झालं नाही, पंखा तसाच फिरून थांबत राहिला, तर? मग लॅपटॉपचा नाद तिथेच सोडा आणि डिस्क बाहेर काढा. दुसऱ्या झाकणाखाली, तळहातावर मावेल अशी चपटी अडीच इंची डिस्क असते, बाजूला एक पत्र्याची पट्टी आणि चार स्क्रू. ती वर उचलायची नसते. आधी आडवी सरकवून जोडणीतून सोडवायची, मग उचलायची. तिच्यावर बोट आपटू नका आणि ती हातातून पाडू नका, आत फिरणारी तबकडी असते. दुकानात ‘अडीच इंची साटा डिस्कचं यूएसबी केसिंग’ मागा. हजाराच्या आतच मिळतं. डिस्क त्यात घातली की ती पेन ड्राइव्हसारखी कुठल्याही चालू लॅपटॉपला लागते.

लावल्यावर कान द्या. हलकी घुमघुम ठीक. पण ठरावीक अंतराने टक-टक-टक येत असेल, तर तिथल्या तिथे काढा. तो डिस्कच्या आतल्या वाचणाऱ्या भागाचा बिघाड आहे, आणि पुन्हापुन्हा लावून बघितलं की जे वाचणार होतं तेही जातं. तेव्हा डेटा परत मिळवून देणारी प्रयोगशाळाच लागते आणि तिचा खर्च हजारो रुपयांत जातो. तो करायचा की नाही हे कमिटीने ठरवायचं.

टक-टक नसेल तर संगणकावर दोन-तीन नवे ड्राइव्ह दिसतील. एक अगदी छोटा, बहुधा १०० एमबीचा, त्याला हात लावू नका. या घडीला विंडोज एखादी खिडकी उघडून ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का’ असं विचारू शकतं. उत्तर नाही. रद्द करा. ‘इनिशियलाइज’ विचारलं तरी नाही. तुमच्या जागी बसलेल्या कुणाही माणसाचा हात सवयीने ‘ओके’वर जातो, म्हणून मदतीला बसलेल्या मुलालाही हे आधीच सांगा. फोल्डर उघडायची परवानगी नाही असा निरोप आला, तर मात्र ‘कंटिन्यू’ म्हणायला हरकत नाही.

काय घ्यायचं? डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तर घ्याच. टॅली ईआरपी ९ असेल तर सी ड्राइव्हवर टॅलीच्या नावाचं फोल्डर, त्यात ‘डेटा’, आणि त्यात १०००० सारखं नुसत्या आकड्याचं फोल्डर. तेच तुमचे हिशेब. आतल्या फायली उघडायचा प्रयत्न करू नका, अख्खं आकड्याचं फोल्डर उचला. कापून नाही, कॉपी करून. नव्या टॅलीत ते उघडताना रूपांतर होतं, म्हणून रूपांतर एका प्रतीवर करा आणि मूळ प्रत अबाधित ठेवा.

श्रीलिपीकडे मात्र विशेष लक्ष द्या, कारण इथे दप्तर हातात येऊनही वाचता येत नाही. तुमची इतिवृत्तं आजच्या युनिकोड मराठीत, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या लिपीत, नाहीत. त्या फायलींमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली आहेत, आणि श्रीलिपीचा फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसता गिचमिड मजकूर दिसतो आणि लोकांना वाटतं, फाइल खराब झाली. ती खराब नसते. म्हणून जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डर पूर्ण कॉपी करून घ्या. जुना लॅपटॉप चालू होत असेल तर त्याहून चांगलं: महत्त्वाचं प्रत्येक इतिवृत्त त्याच यंत्रावरून छापून घ्या, किंवा पीडीएफ करा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार त्यांच्याकडून हमखास बिघडतात, तेव्हा बदललेलं प्रत्येक पान डोळ्याने तपासावं लागतं. ठरावातली रक्कम आणि नावं तर मूळ कागदाशी ताडूनच घ्या. आणि इथून पुढे सगळं युनिकोडमध्येच टाइप करा, पुढच्या सचिवाला फॉन्ट शोधत फिरावं लागू नये.

वार्षिक सभेची चिंता तुम्ही जरा जास्तच करताय. इतिवृत्ताची खरी वही म्हणजे सह्या असलेलं मिनिट बुक. सभासदांची ‘आय’ नमुन्यातली नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यातली यादी कागदावर आहे ना? मग तुमचं मुख्य दप्तर जागेवर आहे, लॅपटॉपमध्ये आहे ती सोय. मागच्या वर्षांच्या हिशेबाच्या प्रती लेखापरीक्षकांकडे असणार, बँकेचं खातेपत्रक बँक देईल. चालू वर्षाच्या नोंदी पावती पुस्तकं आणि व्हाउचरवरून पुन्हा भरता येतात. कष्टाचं आहे, पण खजिनदार आणि तुम्ही मिळून ते होईल. म्हणजे ३० सप्टेंबरची तारीख लॅपटॉपच्या हातात नाही. उद्याच लेखापरीक्षकांना फोन करा, त्यांच्याकडे टॅलीचा जुना बॅकअपही निघू शकतो.

आता सात हजारांचं. माझं मत स्पष्ट आहे: या लॅपटॉपच्या मदरबोर्डवर संस्थेचे सात हजार घालू नका. विंडोज ७ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, आणि २०१३चा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. म्हणजे पैसे घालूनही हाती येईल ते यंत्र संस्थेच्या नेट बँकिंगसाठी वापरण्याजोगं नसेल. नव्या बोर्डालाही तीच पंपरूमची भिंत. कमिटीने ही रक्कम नव्या किंवा चांगल्या सेकंडहँड यंत्राकडे वळवावी आणि ते कुणाच्या तरी घरी किंवा कोरड्या जागी ठेवावं.

रॅम पुसून तो सुरू झाला, तर गोष्ट वेगळी. प्रत काढून झाल्यावर नवी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) आणि लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून तो नोटिसा टाइप करायला आणखी काही वर्षं चालेल. श्रीलिपी त्यावर चालणार नाही, पण युनिकोड मराठी उत्तम चालते.

तरीही तपासून घ्यायचाच असेल, किंवा स्वतः स्क्रू उघडायचा धीर होत नसेल (त्यात कमीपणा नाही), तर लॅमिंग्टन रोडला जा. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग. विक्रोळीहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर पडा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. तिथे ‘चिप लेव्हल’ काम करणारे आहेत, म्हणजे पूर्ण बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला सुटा भाग बदलणारे. डिस्क घरी काढून ठेवा आणि लॅपटॉप डिस्कशिवायच न्या. चिन्ह येतं का, हे तपासायला डिस्क लागत नाही. ‘डिस्क का नाही’ विचारलं तर ‘संस्थेची आहे, बाहेर नेता येत नाही’ एवढं सांगा. त्यात सभासदांचे फोन नंबर, पॅन, बँकेचे तपशील आहेत, तेव्हा हे कारण खोटंही नाही. आधी निदान आणि लेखी भाव, नंतर काम. कुठला भाग बिघडला ते नावानिशी विचारा आणि बदललेला जुना भाग परत मागा. ‘हीट देऊन चालू करतो’ म्हणाले तर नको म्हणा. चिप तापवून चालू केलेला बोर्ड थोड्या दिवसांत पुन्हा मान टाकतो.

प्रत हातात आल्यावर ती एका पेन ड्राइव्हवर ठेवून कपाटात टाकू नका. एक प्रत नव्या यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर खजिनदारांच्या घरी, आणि दोन्ही उघडून चार-पाच फायली खरोखर वाचल्या जातात का ते बघा. पुनर्विकासाच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे, म्हणजे सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली, पुनर्विकासाच्या सभेचं चित्रीकरणही करावं लागतं. ती फाइल मोठी असते आणि वाद झाला तर आधी तीच मागितली जाते. तिचीही जागा आताच ठरवा. कोणती प्रत कुणाकडे आणि पदाधिकारी बदलले की ती कुणाकडे द्यायची, याचा दोन ओळींचा ठराव येत्या कमिटी सभेत मिनिट बुकात घ्या.

आणि चेअरमनसाहेबांना सांगा, भंगारवाल्याला सध्या थांबवा. दोन्ही प्रती तपासून होईपर्यंत जुनी डिस्क कुठेही जाता कामा नये. त्यानंतर ती पुसून, लॅपटॉप आणि बॅटरीसकट नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. फुगलेली बॅटरी असेल तर ती वेगळी बांधून, तसं सांगून द्या.